शेवट ठाऊक असताना

गोव्यात मिरग लागला की जुन्या एलपींच्या वेष्टनांवर बुरशी चढू लागते आणि ती पुसायला बाहेर काढलेली तबकडी एकदा वाजवल्याशिवाय परत कपाटात ठेववत नाही. आमच्याकडच्या बहुतेक तबकड्या एका तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, शेजाऱ्याने घर बदलताना दिलेल्या आहेत. त्यांतला पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मला तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच तो मी पुन्हा पुन्हा लावतो.

दुसऱ्या बाजूवरचे पहिले गाणे, ‘मनी’, नाण्यांच्या खणखणाटाने आणि गल्ल्याच्या यंत्राच्या आवाजाने सुरू होते. टेपचे तुकडे कापून, जोडून आणि त्यांचे वेटोळे करून ते आवाज फिरवत ठेवलेले आहेत. पूर्वी ती निव्वळ गंमत वाटे; आता कान मात्रा मोजतो. गाणे सात मात्रांत चालते, त्यामुळे रूपक तालाची सवय असलेल्याचे बोट आपोआप मांडीवर पडू लागते (तबलजींनी रागावू नये, खाली-भरीचा इथे काही संबंध नाही). सॅक्सोफोनही त्याच सातांत फिरून जातो आणि गिटारचा तुकडा सुरू होताच सारे चार मात्रांवर येते. हा पालट नेमका कधी येणार हे माहीत असल्यामुळेच त्याची वाट पाहण्यात मजा असते.

जुन्या मालिकांचेही तसेच. बासू चटर्जींची १९९३ सालची ‘ब्योमकेश बक्शी’ पुन्हा पाहताना खुनी कोण हे आधीच ठाऊक असते, म्हणून सारे लक्ष त्याच्यावर राहते: तो पेला कसा धरतो, प्रश्न आल्यावर किती वेळ घेतो. ब्योमकेश झालेले रजित कपूर बोलत असताना त्याचा सोबती, के. के. रैनांचा अजित, गप्प राहून काय करतो, हे तर पहिल्या खेपेला दिसलेच नव्हते. नव्या मालिकांबद्दल माझी विशेष तक्रार नाही; त्या पुन्हा पाहाव्याशा वाटत नाहीत, एवढेच.

शेवट माहीत असलेले परत काय पाहायचे, असे घरातली तरुण मंडळी विचारतात. हा प्रश्न गोव्यात विचारला जावा याचे मला नवल वाटते. देवळाच्या उत्सवात ‘संगीत सौभद्र’ उभे राहते तेव्हा सुभद्रा कोणाची होणार हे समोरच्या एकाही माणसाला नव्याने कळायचे नसते. नाटक १८८२ सालचे आणि कथा महाभारतातली. तरी लोक उत्तररात्रीपर्यंत बसतात, ठरलेल्या पदाला ‘वन्स मोअर’ देतात आणि नटाने गेल्या वर्षीपेक्षा एक तान कमी घेतली, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात त्याचा हिशेब मागतात.