नागासाकीला एक रात्र तरी राहा

जपानचा प्लॅन करताना बरेच जण नागासाकी फुकुओकाहून डे ट्रिप म्हणून टाकतात. सकाळी यायचं, पीस पार्क, म्युझियम, फोटो आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत. कळकळीने सांगते, असं करू नका. नागासाकी म्हटलं की आपल्याला 9 ऑगस्ट 1945 चा अणुबॉम्ब सोडून दुसरं काही आठवतच नाही, पण हे शहर त्याच्या कितीतरी आधीपासून बंदर आहे आणि ते बंदर कळायला रात्र काढावीच लागते.

हाकाता, म्हणजे फुकुओकाच्या मुख्य स्टेशनवरून येताना आधी रिले कामोमे ही ट्रेन पकडायची, मग ताकेओ ओनसेन स्टेशनला समोरच्याच प्लॅटफॉर्मवर शिनकानसेन उभी असते तिच्यात बसायचं. ही नवी लाइन 2022 मध्ये सुरू झाली, सगळं मिळून साधारण दीड तास. शहरात फिरायला ट्राम, कुठेही उतरा भाडं एकच, मागून चढायचं आणि पुढून उतरताना पैसे द्यायचे, सुइका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड पण चालतं. समुद्र आत लांबवर घुसलाय आणि तिन्ही बाजूंनी डोंगर, त्या डोंगरांवर वरपर्यंत घरं चढत गेलीत, कित्येक घरांपर्यंत गाडी जातच नाही, नुसत्या पायऱ्या, त्यामुळे बूट चांगले घाला.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते. स्टेशनवरून पाच-सात मिनिटं चढ चढलात की निशिझाका नावाची टेकडी लागते. इथे 5 फेब्रुवारी 1597 ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने 26 ख्रिश्चनांना क्रुसावर चढवून भाले खुपसून मारलं, आणि त्या 26 जणांत एक आपल्या वसईचा होता! गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई आपल्याकडचीच. मी वसईची, त्यामुळे त्याच्या नावाचं कॉलेज, गासचं चर्च हे सगळं लहानपणापासून येताजाता बघितलेलं, फेब्रुवारीतला सण पण माहीत, पण तो नेमका कुठे जाऊन मेला ती जागा डोळ्यांनी बघणं वेगळंच. तरुणपणी तो जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग मकावला व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात गेला आणि 1593 मध्ये पुन्हा जपानला आला तो मुख्यतः दुभाषा म्हणून, कारण बाकीच्या पाद्र्यांना जपानी येत नव्हतं. पकडल्यावर त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत क्योतोकडून नागासाकीपर्यंत चालवत आणलं. त्यांच्यातला सगळ्यात लहान मुलगा 12 वर्षांचा होता. 1862 मध्ये पोपने सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं.

तिथे 1962 मध्ये उभारलेलं स्मारक आहे, यासुताके फुनाकोशी या शिल्पकाराचं. लांब दगडी भिंत आणि तिच्यावर ओळीने 26 ब्राँझचे पुतळे. त्यांच्या पावलांकडे नक्की बघा. एकाचेही पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली लोंबतात, त्यामुळे माणसं एकाच वेळी क्रुसावर लटकलेली पण वाटतात आणि वर निघालेली पण. मी त्या भिंतीसमोर किती वेळ उभी होते काय माहीत. नवरा शेवटी म्हणाला, अगं चल, म्युझियम बंद होईल. पर्यटक फारसे नव्हते, आणि वसईचं कुणी नागासाकीला येऊन इथे न जाता परत गेलं तर मला खरंच वाईट वाटेल.

यानंतर शहरातल्याच उराकामी भागात गेलात की सगळं जोडलं जातं. निशिझाकानंतर धर्मावर बंदी आली, पण लोकांनी घरातल्या घरात लपून तो अडीचशे वर्षं टिकवला, पाद्री नाही, चर्च नाही, काही नाही. मग 1865 मध्ये ओउरा चर्च नवीन बांधून झालं तेव्हा उराकामीचे काही गावकरी तिथे आले आणि फ्रेंच पाद्र्याला हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. त्यावरून त्यांना पुन्हा पकडलं, गावच्या गाव हद्दपार केलं, 1873 नंतर परत आले आणि स्वतःच्या पैशांनी मोठं कॅथेड्रल बांधलं. अणुबॉम्ब फुटला तो याच उराकामीवर, कॅथेड्रलपासून साधारण 500 मीटरवर. मुळात टार्गेट कोकुरा शहर होतं, तिथे खालचं काही दिसेना म्हणून विमान इकडे वळलं. इतकं सोसलेल्या वस्तीवरच हे यावं, याला काय म्हणायचं!

अणुबॉम्ब म्युझियममध्ये बॉम्ब फुटला त्या वेळेला, 11:02 ला थांबलेलं घड्याळ आहे, सगळे त्याचा फोटो काढतात. माझ्या डोळ्यासमोरून जात नाही तो एका शाळकरी मुलीचा डबा, आतला भात जळून कोळसा झालेला. सकाळी कुणीतरी भरून दिलेला डबा हो. पीस पार्कमध्ये मोठ्या पुतळ्यासमोर एक कारंजं आहे, पाणी पाणी करत गेलेल्यांसाठी. त्यावर नऊ वर्षांच्या मुलीचे शब्द कोरलेत, की पाण्यावर तेलासारखं काहीतरी तरंगत होतं पण तहानच इतकी होती की तसंच प्यायले. हे सगळं बघून लगेच ट्रेनमध्ये बसू नका, म्हणून तर रात्र राहा म्हणतेय.

दुसऱ्या दिवशी देजिमा बघा. 1636 मध्ये समुद्रात भर घालून केलेलं पंख्याच्या आकाराचं छोटंसं बेट, दोनशेहून जास्त वर्षं जपानचा युरोपशी सगळा व्यापार इथूनच, फक्त डच लोकांशी. आता चारी बाजूंनी शहर वाढलंय त्यामुळे बेट वाटतच नाही, पण जुनी गोदामं आणि घरं छान परत बांधलीत. ग्लोव्हर गार्डन, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले असलेली टेकडीवरची बाग, ठीक, व्ह्यू मस्त.

खाण्यात चांपोन, 1899 पासूनच्या शिकाइरोऊ हॉटेलात चिनी विद्यार्थ्यांसाठी बनवायला सुरुवात झालेलं नूडल सूप. पोर्क, कोळंबी, कोबी सगळं एकत्र, शाकाहारी लोकांनी मात्र नीट चौकशी करा कारण भाज्या वर दिसल्या तरी सूप हाडांचंच असतं. आणि कास्तेला! पोर्तुगीजांकडून आलेला केक, तळाला जाडसर साखर असते ती दाताखाली कुरकुरते, तो तळाचा कागद हळूच सोलून काढायचा म्हणजे साखर कागदाला चिकटून वाया जात नाही.

रात्री इनासायामा. 333 मीटर उंच डोंगर, रोपवे आहे. वरून बंदर, जहाजं, डोंगरांवरचे दिवे, सगळं एका नजरेत. गुनकानजिमा या ओसाड पडलेल्या कोळसा-खाणीच्या बेटाची बोट करायची असेल तर हाताशी वेळ ठेवा, लाटा मोठ्या असल्या तर उतरू देत नाहीत.

मला पुढच्या वेळी एप्रिलमध्ये जायचंय, पतंगांसाठी. नागासाकीच्या पतंगाला हाता म्हणतात, आपल्यासारखाच चौकोनी, दोऱ्याला काचेची पूड लावलेली म्हणजे चक्क मांजा, आणि काटाकाटी पण तशीच. देजिमावर डचांबरोबर आलेल्या आशियाई नोकरांनी तो आणला असं सांगतात. कुणी एप्रिलमध्ये जाऊन आलं असेल तर राहायचं कुठे ते मला नक्की सांगा.