जोगलटेंभीची नाणी आणि चाळीस डॉलर

बँकेतून निवृत्त झालो आणि जुन्या नाण्यांचा नाद लागला. नाशिककराला त्यासाठी लांब जायला नको. 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलाय. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींची टेकडी! खालून नहपानाचं नाक तेवढं डोकावतं.

या ठशांवरचा एक संशोधनपर लेख हवा होता. क्लिक केलं तर चाळीस डॉलर. म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार रुपये, अठरा पानांचे. घरात सांगायची सोय नव्हती.

एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. "काका, आयकार्ड?" तिथेच विषय संपला. नोव्हेंबर 2024 मध्ये संशोधन पत्रिका मोफत वाचायला देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्राने तीन वर्षांसाठी 6,000 कोटी मंजूर केले, तेव्हा मी पेढे आणायचाच बाकी होतो. नीट वाचलं तर ती सोय सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांपुरती. घरी बसून वाचणारा त्यात कुठेच बसत नाही.

भाच्याने जेस्टोर या संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर खातं उघडून दिलं. महिन्याला 100 लेख फुकट, पण फक्त स्क्रीनवर वाचायचे. मी वहीत उतरवून घेतो. ब्राउझरमध्ये अनपेवॉलही टाकलं. कडेचं कुलूप हिरवं झालं, की त्या लेखाची मोफत आणि कायदेशीर प्रत कुठेतरी आहे असं समजायचं. जुन्यासाठी इंटरनेट आर्काइव्ह. पांडवलेण्यांतल्या शिलालेखांचं फ्रेंच अभ्यासक सेनारने केलेलं वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात आहे, ते तिथेच सापडलं.

चाळीस डॉलरवाला मात्र कुठेच नाही. शेवटी लेखिकेलाच ईमेल करायचं ठरवलं. फुकट दिसणाऱ्या पहिल्या पानाच्या तळाशी तिचा पत्ता होता. चार ओळी इंग्रजीत लिहायला अख्खी दुपार गेली. तीन वेळा 'रिस्पेक्टेड मॅडम' खोडलं, चौथ्यांदा ठेवलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लेख, सोबत न मागितलेला दुसरा लेख, आणि उलट प्रश्न: जोगलटेंभीला आज काय दिसतं?

इतकी वर्षं नाशकात काढली, पण त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. रविवारी स्कूटर काढतोय. फोटो पाठवायचे कबूल करून बसलोय.