खंडणी द्यायची का?

आज ऑफिसात सायबर हल्ल्याचा सराव होता. सगळ्या फाइल लॉक, हॅकर पैसे मागतोय, काय कराल? बहुतेकांचं उत्तर, 'देऊन टाका आणि मोकळे व्हा.' मला ते अजिबात पटलं नाही. मोकळं होतंय कोण? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीने अशाच हल्ल्यानंतर ७५ बिटकॉइन मोजले. बदल्यात मिळालेलं सॉफ्टवेअर इतकं संथ की स्वतःचे बॅकअप वापरावेच लागले. २०२४ मध्ये पोलिसांनी लॉकबिट या खंडणीखोर हॅकर टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले, तर पैसे भरलेल्यांचाही चोरलेला डेटा तिथे तसाच! नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीने मात्र २०१९ मध्ये हल्ला होऊनही छदामही दिला नाही, हाताने कामं चालवली. हॉस्पिटल ठप्प असेल, जीव टांगणीला असतील, तिथे मात्र मी कुणाला दोष देणार नाही. आमचे बॅकअप खरंच चालतात का, हे उद्या आयटीवाल्यांना विचारणार आहे.