फासकीचा दंड गावाच्या वाट्याला यावा

काजूच्या बागेखाली पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, बिबट्या फासकीत अडकलाय, असा पहाटे फोन आला तेव्हा मी सरपंच होते. फासकी म्हणजे मोटारसायकलच्या क्लचची वायर. एक टोक खुंट्याला, दुसऱ्या टोकाला सरकता फास. लावली होती डुकरासाठी, बसली बिबट्याच्या कमरेला. त्याने माती एवढी उकरली होती की करवंदीची मुळं उघडी पडली होती. वनखात्याची माणसं आली, बेशुद्धीचं इंजेक्शन दिलं, वायर कापली. तिच्याखालचं कातडं बोटभर खोल चिरलं होतं.

गर्दी आवरली पोलीस पाटलांनी. पिंजरा चढणीवरून रस्त्यापर्यंत आणला वाडीतल्या बारा जणांनी. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडाली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. साध्या गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली, आणि तडजोडीने, म्हणजे खटला न चालवता पैसे भरून, मिटवता येणाऱ्या गुन्ह्यात आता ५ लाखांपर्यंत रक्कम घेता येते. (बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत. त्याच्या शिकारीला तडजोड नाही, किमान तीन वर्षं कैद.) पण यातला वाटा गावाला द्यायची तरतूद त्या कायद्यात नाही.

६० अ कलमाप्रमाणे गुन्हा उघडकीला आणायला मदत करणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत बक्षीस देता येतं. कलम चांगलं आहे. पण आमच्या पंचेचाळीस उंबऱ्यांत ते घेणार कोण? फासकी लावणारा कुणाचा चुलता असतो, कुणाचा मेहुणा. खबर देणाऱ्याचं नाव आठवड्याभरात फुटतं, आणि मग शिमग्यात पालखी त्याच्या अंगणात आली तरी नाचवायला कुणी पुढे होत नाही. तेच पैसे गावाच्या नावावर आले, तर ते कुणा एकाने खबर देऊन मिळवलेले राहत नाहीत. मला हा वाटा हवाय तो मुख्यतः यासाठी.

आमचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "वहिनी, पैसा दिसला की लोक वैऱ्याला अडकवतील." भीती खरी आहे. म्हणून दंड ठरवायचं काम वनखात्याकडे आणि कोर्टाकडेच राहू दे. आणि पैसा पंचायतीच्या सामान्य खात्यात नको, जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या निधीत जाऊ दे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशी समिती आणि तिचा स्थानिक निधी, दोन्हींची सोय आधीच केलेली आहे. मी पद सोडलं तेव्हा आमच्या समितीच्या पासबुकात बाराशे रुपये होते.

खर्च कशावर करायचा ते मला पाठ आहे. तीन वाड्यांत सात विहिरींना कठडा नाही, रात्री भक्ष्यामागे धावणारं जनावर थेट आत पडतं. त्यांना जांभ्या चिऱ्याचे कठडे बांधायचे. पावसाळ्यानंतर रान तुडवून फासक्या काढणाऱ्या पोरांना रोजगार द्यायचा. आणि डुकरांनी भात लोळवलं की पंचनामा वेळेत व्हावा म्हणून अर्ज भरून देणारा एक माणूस ठेवायचा. रात्रभर राखण करून सकाळी आडवं पडलेलं शेत बघणारा शेतकरी फासकीकडे का वळतो, हे मी जवळून पाहिलंय. त्याला नुसता दंड करून वायर सुटणार नाही.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडते आहे. अनुमोदन द्यायला त्या बारा जणांतले दोघे तयार झालेत.