पीएसपीवर मराठी अक्षरं उमटली!

भाचा इंजिनिअरिंगला आहे. आज लातूरला आला तो खिशात जुना पीएसपी, म्हणजे सोनी कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घेऊनच. त्यात त्यानं स्वतः लिहिलेला गेम: उसाची बैलगाडी कारखान्यापर्यंत न्यायची, वाटेत खड्डे. खेळ छोटाच, पण मी अक्षरशः हरखून गेलो.

२००४ साली जपानमध्ये आलेलं हे यंत्र. पडदा ४८० बाय २७२ पिक्सेलचा, पहिल्या मॉडेलला मेमरी फक्त ३२ एमबी. कंपनीनं हौशी लोकांना गेम बनवायची मुभा दिली नव्हती, तरी जगभरच्या पोरांनी वाट काढली आणि साधनं फुकट वाटली. मेमरी कार्डावर ‘पीएसपी’ नावाचा फोल्डर, त्यात ‘गेम’ नावाचा, त्यात आपला फोल्डर, आणि त्यात आपल्या गेमची ईबूट नावाची फाइल. बास.

खरी कसरत मराठीची. त्या साधनांतला तयार फॉन्ट इंग्रजीचाच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार डोक्यावर, जोडाक्षरं वेगळीच; हे सगळं त्या बिचाऱ्या यंत्राला कोण शिकवणार? म्हणून पोरानं अख्खे शब्दच चित्रं म्हणून काढले. ‘गाडी उलटली’ असं पडद्यावर आलं तेव्हा आमची आई चष्मा लावून बघायला आली!

आधी तो गेम लॅपटॉपवर पीपीएसएसपीपी या एम्युलेटरमध्ये (पीएसपीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) तपासतो, मग खऱ्या यंत्रावर. गेमबॉय या दुसऱ्या जुन्या गेमयंत्राचे एम्युलेटरही पीएसपीवर चालतात, पण मला त्यांचं फार कौतुक नाही. दुसऱ्याचे गेम खेळणारे पुष्कळ. आपल्याकडच्या पोरांनी स्वतःचे लिहावेत, आपल्या बोलीत लिहावेत, असं मला मनापासून वाटतं.

कुणाकडे जुना पीएसपी धूळ खात पडला असेल तर भंगारात देऊ नका. मला सांगा, मी घ्यायला येतो.