आमची वाटचाल : सायलेन्सरच्या पत्र्यापासून फिल्टरपर्यंत

बाबांनी बेळगावच्या उद्यमबागेत शेड घेतलं तेव्हा आमच्याकडं गॅस वेल्डिंगचा एक सेट, पाइप वाकवायचं हातमशीन आणि खानापूर-नंदगडकडनं येणारे ट्रॅक्टरवाले, एवढंच होतं. सायलेन्सर सडला की पत्रा मारून द्यायचा, बास. मी आयटीआय करून शेडवर आलो, कर्ज काढून टिग मशीन (बारीक, स्वच्छ वेल्डिंगचं) घेतलं, स्टेनलेसचं काम चालू केलं आणि गोव्याचा रस्ता जवळच असल्यानं हळूहळू कोल्हापूर-गोवा करणारी मोठ्या गाड्यांची मंडळी पण यायला लागली.

खरी परीक्षा बीएस सिक्सनंतर, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे सरकारी नियम आल्यावर झाली. एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारे फिल्टर आले आणि आमच्याच गल्लीतले एक काका एसयूव्ही घेऊन आले, डॅशवर फिल्टरचा दिवा लागलेला, म्हणाले "काढून टाक की रे ते डबडं". मी काढलं. चूक होती ती. गाडी काळा धूर सोडायला लागली, दिवा परत लागला. मग नीट बघितलं तर काका गाडी फक्त कॅम्प ते टिळकवाडी फिरवायचे, एवढ्याशा अंतरात फिल्टर तापतच नव्हता, मग आतली काजळी जळणार कशी? माझ्या खर्चानं नवीन फिल्टर बसवून दिला आणि त्या दिवशी ठरवलं, फिल्टर काढायचं काम आपल्या शेडमधी होणार नाही.

हे धोरण स्पोर्ट्स कारवाल्यांना समजावणं मात्र लय अवघड जातंय. गेल्या पावसाळ्यात गोव्याहून एक पोरगा आला, बाहेरून आणलेली टर्बो पेट्रोल गाडी, "दादा, जुन्या मॉडेलसारखा आवाजच नाही, सरळ पाइप टाका." त्याचं दुःख खरं होतं. पेट्रोल थेट सिलेंडरमधी मारणाऱ्या इंजिनात हवेत मिसळायला वेळ कमी मिळतो, पिस्टनवर थेंब बसतात, त्याची बारीक काजळी होते. म्हणून युरोपात सप्टेंबर २०१८ पासून अशा सगळ्या नव्या गाड्यांना किलोमीटरमागं ६० हजार कोटी कणांची मर्यादा लागली आणि बहुतेक कंपन्यांनी फिल्टर घातला. मधाच्या पोळ्यासारखं सिरॅमिक असतंय, एक आड एक भोक बंद, गॅसला भिंतीतनंच जावं लागतं. त्यात आवाजातली ती तीक्ष्ण धार मरते आणि थोडा बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसला होणारा अडथळा, वाढतो. फोक्सवॅगनची गोल्फ आर त्याच वेळी ३१० वरनं ३०० पीएसवर आली (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप).

पण पोर्शेची २०२१ ची ९११ जीटी थ्री बघा की, टर्बो नाही, ४ लिटर इंजिन ९००० आरपीएमपर्यंत जातंय, दोन फिल्टर असून ५१० पीएस. म्हणजे फिल्टर धरून इंजिन नि एक्झॉस्ट आखला तर गाडी मेलेली वाटत नाही. जुन्या आखणीत नुसता मधी कोंबला की गुदमरते, हे माझं मत.

त्या पोराच्या गाडीला स्कॅनर लावून फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा प्रेशर त्याला दाखवला. फिल्टर एकदम मोकळा होता. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा गरम, फक्त काजळी जळायला लागणारा ऑक्सिजन त्यात उरत नाही. ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की इंधन बंद होतंय, हवा आत जाते आणि गरम फिल्टरमधली काजळी जळून जाते. चोर्ला घाट उतरताना तर हे आपोआप होतंय. त्याला म्हटलं, तू येताना घाट चढून आलास, जाताना उतरशील तेव्हा गियरमधी ठेवून उतर, न्यूट्रल करू नको. मागच्या सायलेन्सरला गंज लागलेला तो तेवढा स्टेनलेसमधी करून दिला, आवाज कंपनीचाच ठेवून. नाराज होऊनच गेला, पण ऑइल बदलायला परत आमच्याकडंच आला. ऑइल कमी राखेचंच घालायला लागतंय, कारण काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमधीच साठते.

सध्या डिझेलचे फिल्टर भट्टीत तापवून, मग हवेनं राख उडवून साफ करायचं मशीन बघतोय. बाबा अजून रोज शेडवर येतात, परवा मशीनचा फोटो दाखवला तर म्हणाले, आधी वीजबिलाचा हिशोब मांड. तो मांडायलोय, जमलं तर दिवाळीनंतर बसवू.