लाइपझिगमधली आगोट

15 मे उलटल्याशिवाय टोमॅटोचं रोप जमिनीत लावायचं नाही, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तरी आमच्या बागसंघात तो नियम मोडणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. 11 ते 15 मे हे जर्मनीत बर्फसंतांचे दिवस: मामेर्टुस, पांक्राट्सिउस, सेर्वाट्सिउस, बोनिफाट्सिउस आणि शेवटची ‘थंड सोफी’. एप्रिलअखेर चांगलं ऊन पडतं, लोक हाफ पँटीत फिरायला लागतात आणि मग मेच्या मध्यात एखाद्या रात्री पारा शून्याला टेकतो. बाहेर लावलेली रोपं सकाळी काळी पडलेली असतात. रोहिणी-मृगाच्या हिशेबाने पेरणी करणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे संत लगेच पटले. सोफीबाईंचा दिवस सरला की शनिवारी सगळा संघ एकदम वाकून खड्डे खणताना दिसतो.

‘संघ’ का म्हणते ते सांगते. इथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला शहरातच, पण घरापासून थोडं लांब, बागेचा तुकडा भाड्याने मिळतो. त्याला क्लाइनगार्टन म्हणतात. देशभरात असे सुमारे 9 लाख तुकडे संघटित आहेत आणि त्यांच्यासाठी 1983 चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. जागा 400 चौरस मीटरच्या वर असू नये. आतली लाकडी खोपटी ओसरी धरून 24 चौरस मीटरपर्यंत, तीही साधी, कायम राहण्याजोगी नको. भाडं, वर्गणी, पाणी सगळं धरून वर्षाला काही शे युरो पुरतात. अवघड असतं ते नंबर लागणं.

यातली मला सर्वांत आवडलेली अट म्हणजे एक तृतीयांशाची. जागेचा निदान तिसरा हिस्सा भाजी-फळांखाली हवा, नाहीतर ती बाग क्लाइनगार्टन ठरत नाही. नुसती हिरवळ, झोपाळा आणि बार्बेक्यू चालत नाही. संघाची माणसं वर्षातून एकदा फेरी मारून बघतात. माझ्या ओळखीतल्या काही देशी मंडळींना ही लुडबुड वाटते. मला वाटत नाही. शहराच्या मधोमध इतक्या स्वस्तात जमीन मिळते, ती बटाटे लावण्याच्या बोलीवर मिळते. बटाटे नसते, तर बिल्डरांनी हे तुकडे केव्हाच गिळले असते.

ही सगळी भानगड सुरू झाली ती लाइपझिगमध्येच, आणि तीही भाजीसाठी नाही. डॉ. मोरिट्स श्रेबर नावाचे इथले डॉक्टर शहरी मुलांना मोकळ्या हवेत खेळू द्या म्हणून सांगत आणि 1861 मध्ये वारले. पुढे 1864 मध्ये हाउशिल्ड नावाच्या शाळाप्रमुखाने संघ काढला, त्याला श्रेबरचं नाव दिलं आणि मुलांसाठी मैदान केलं. मैदानाच्या कडेला गेझेल नावाच्या शिक्षकाने मुलांकडून वाफे करवून घेतले. मुलं आठवड्याभरात कंटाळली असणार, कारण वाफे बघता बघता आईबापांच्या ताब्यात गेले, मग त्यांना कुंपणं आली, मग खोपटी आल्या. आज जर्मन माणूस अशा बागेला श्रेबरगार्टन म्हणतो, आणि बिचाऱ्या श्रेबरने आयुष्यात एकही पाहिली नव्हती. त्या जुन्या संघाच्या इमारतीत आता छोट्या बागांचं संग्रहालय आहे. लाइपझिगला आलात तर संगीतकार बाखच्या चर्चनंतर तिकडेही जा.

जूनमध्ये सूर्य पाचच्या आधी उगवतो आणि रात्री साडेनऊला मावळतो. त्यामुळे ऑफिस सुटल्यावर अख्खी संध्याकाळ हातात उरते. ऐकायला छान वाटतं, पण झाडंही तेवढीच जागी असतात. कोथिंबीर तर लांब दिवसांत पानं धरायच्या आतच फुलावर येते. मी आता धणेच गोळा करते आणि कोथिंबिरीसाठी ऑगस्टात पुन्हा पेरते. मेथी मात्र दृष्ट लागेलशी येते. दुधी मनात आला तर येतो. टोमॅटोवर छप्पर लागतं, कारण जुलैत चार दिवस झड लागली की करपा आलाच. आणि शंख नसलेल्या, बोटभर लांबीच्या तपकिरी गोगलगायी! रात्री टॉर्च घेऊन, चिमट्याने उचलून बादलीत टाकणं हा इथला ग्रीष्मातला सार्वजनिक कार्यक्रम आहे. दुपारी एक ते तीन मात्र सामसूम. तेव्हा गवत कापायचं यंत्र लावलंत तर शेजारी कुंपणाशी येऊन घड्याळाकडे बघतात, बोलत काही नाहीत.

माझ्या डाव्या कुंपणापलीकडे आजोबा आहेत. पूर्व जर्मनीच्या काळापासून त्यांच्याकडे मधमाश्या आहेत. तेव्हा सरकार बागवाल्यांकडून फळं, भाजी, मध विकत घ्यायचं, त्यामुळे पेट्या ठेवणं हा नुसता छंद नव्हता. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मधकोठ्या, म्हणजे पेटीवरचे मधाचे मजले, उचलायला मी जाते. भरलेली कोठी वीस-पंचवीस किलोला जाते, आणि ती आपटता कामा नये. त्यांनी मला पहिला नियम सांगितला तो केळ्याचा: पेटीजवळ जायच्या आधी केळं खायचं नाही. डंख मारताना माशी जो धोक्याचा वास सोडते, त्यातलं मुख्य रसायन केळ्याच्या वासाचं असतं. एकीने डंख केला की बाकीच्या त्या वासावर धावून येतात. अत्तर नको, घाम नको, घाई तर नकोच.

मे-जूनमध्ये वसाहत भरभराटीला आली की जुनी राणी निम्म्या कामकऱ्यांना घेऊन निघते. अख्खी आमराई घोंगावत असल्यासारखा आवाज होतो आणि पाहता पाहता कुणाच्या तरी सफरचंदाच्या फांदीला दाढीसारखा घोस लटकतो. या घोसाचा मालक कोण, हे जर्मन नागरी संहितेत लिहून ठेवलेलं आहे. 1900 पासून लागू असलेल्या त्या संहितेची 961 ते 964 ही चार कलमं मधमाश्यांच्या थव्यांना वाहिलेली आहेत. मालक ताबडतोब पाठलागाला निघाला नाही तर थवा बेवारस. निघाला तर तो दुसऱ्याच्या आवारातही शिरू शकतो. नुकसान झालं तर भरून द्यायचं. दोघांचे थवे एकत्र झाले तर वाटणी कशी करायची, तेही आहे. मी हे आधी थट्टा समजले होते. मग एका रविवारी आजोबा चप्पल-टोपीसकट दोन कुंपणं ओलांडून, ‘पाठलाग! पाठलाग!’ असं मोठ्याने म्हणत गेले आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

मध वर्षातून दोनदा निघतो. मेअखेरीस रेप या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिवळ्याधमक शेतांचा आणि जुलैत लिंडनच्या झाडांचा. रेपचा मध काढल्यावर लवकर गोठतो, रोज ढवळावा लागतो, मग लोण्यासारखा पांढरा, पसरता होतो. लिंडनचा हिरवट सोनेरी, खाल्ल्यावर घशात पुदिन्याचा भास देणारा. माझी पसंती त्याला.

काढणी आजोबांच्या खोपटीत, दारंखिडक्या घट्ट लावून. फट राहिली तर तासाभरात माश्या आपला माल परत न्यायला हजर. जुलैची दुपार, आत भट्टी. पोळ्याची लाकडी चौकट आडवी धरून एक हिसका द्यायचा: थेंब उडाले तर मध कच्चा, चौकट परत पेटीत. पक्का असेल तर माश्यांनी पोळ्याच्या घरांवर मेणाचं पातळ झाकण घातलेलं असतं. ते बारीक दातांच्या काट्याने, केस विंचरावेत तसं, खालून वर उचलायचं. मेण काट्यावर गोळा होतं, मध मनगटावरून कोपरापर्यंत जातो. मग चौकटी पिंपात उभ्या करायच्या आणि हँडल फिरवायचं, म्हणजे त्या गरगरतात आणि मध बाहेर उडतो. सुरुवातीला अगदी हळू, नाहीतर भरल्या पोळ्याचा तुकडा पडतो. पिंपाच्या पत्र्यावर आधी पावसासारखी टपटप ऐकू येते, मग आवाज थांबतो, आणि तोटीतून पहिली धार दुहेरी गाळणीवर घडी घालत पडते. पाण्याचा अंश बघायला खिशात मावणारं यंत्र असतं. कायद्याने 20 टक्क्यांपर्यंत चालतो. मधपाळ संघटनेच्या बरणीत भरायचा तर 18 च्या आत हवा. आजोबा त्या यंत्राला डोळा लावतात तेव्हा खोपटीत कुणी बोलायचं नसतं.

आता न आवडणारी गोष्ट. माश्यांनी हिवाळ्यासाठी साठवलेलं आपण काढून घेतो आणि बदल्यात त्यांना साखरेचा पाक देतो, एका वसाहतीला पंधरा ते वीस किलो साखरेचा. उन्हाळी कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. पण ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मलेल्या माश्यांना थेट वसंतापर्यंत राणीभोवती गोळा होऊन ऊब धरायची असते. त्यांना धोका वरोआ या तांबड्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या गोचिडीचा. म्हणून शेवटचा मध निघाला की पेटीत फॉर्मिक ॲसिडचं भांडं, आणि भर थंडीत ऑक्झॅलिक ॲसिडचा फवारा किंवा थेंब.

या वरोआचं मूळ घर म्हणजे आपल्या बाजूची माशी. महाबळेश्वरच्या पेट्यांतली सातेरी आणि तिची आशियाई भावंडं वरोआबरोबर हजारो वर्षं नांदली आहेत. एकमेकींच्या अंगावरची गोचीड त्या शोधून काढतात, आणि ती मुख्यतः नरांच्या पिलाव्यातच वाढते. युरोपी माश्यांच्या पेट्या माणसाने आशियात नेल्या, गोचीड त्यांच्यावर चढली आणि 1970 च्या दशकात जर्मनीत पोचली. इकडच्या माशीला तिच्याशी जमवून घेणं जमलेलं नाही. मी सातेरीबद्दल सांगितलं तेव्हा आजोबा बराच वेळ काही विचारत होते: पेटी केवढी, पोळी किती, मध किती. कमी मध देते आणि त्रास झाला की सरळ घर सोडून जाते, हे ऐकून ‘शहाणी आहे’ म्हणाले. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, हे त्यांनी वहीत लिहून घेतलंय. मांघरचं स्पेलिंग तीनदा विचारलं.

ऑगस्ट म्हणजे बरण्या. कोकणात पावसाआधी आगोट भरायची असते: सुकट, आंबोशी, फणसपोळी, कोकमं, लोणची. इथे तीच धांदल बर्फाआधी. फरक एवढाच की आपण वाळवतो. इथलं ऊन तेवढं खमकं नाही, म्हणून हे लोक उकळतात. साधन म्हणजे काचेची बरणी, काचेचंच झाकण, मध्ये लाल रबरी कडं आणि दोन चिमटे. योहान वेक यांनी 1900 मध्ये या बरण्यांची कंपनी काढली. आजीची बरणी नातीकडे येते, बदलतं ते फक्त रबर. चेरी 80 अंशांवर अर्धा तास, घेवडा 100 अंशांवर दोन तास. थंड झाल्यावर चिमटे काढायचे आणि नुसतं झाकण धरून बरणी उचलून बघायची. आतली हवा गेलेली असते, म्हणून झाकण बसून राहतं. आत काही नासायला लागलं तर ते बहुतेक वेळा आपोआप सुटतं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून देवाला हात जोडणाऱ्या आमच्या घराण्याला हे फार शिस्तीचं वाटलं असतं. तरी घेवडा मी फ्रीझरमध्येच टाकते, दोन तास गॅस जाळायला जीव होत नाही.

माझं खरं काम गूजबेरीचं. जूनअखेरीस ती हिरवी, टणक, आंबटढाण असते. तेव्हाच तोडायची, देठ आणि टोक खुडायचं, मधोमध चीर द्यायची, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायची. सकाळी सुटलेल्या पाण्यातच मोहरीची डाळ फेसायची, नाकात झणका बसेपर्यंत. वर हिंगाची गार फोडणी. कैरीची आठवण येत नाही असं म्हणणार नाही, पण भातावर हे लोणचं असलं की ती जरा गप्प बसते. रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीचं पन्हंही बरं होतं, मात्र 24 जूनपर्यंतच. संत योहानच्या या दिवसानंतर रुबार्ब तोडायचा नाही असा शिरस्ता आहे. आम्लही वाढतं आणि कंदालाही पुढच्या वर्षासाठी दम धरू द्यायचा असतो. त्याची पानं तर कधीच खायची नाहीत, त्यांत ते माश्यांच्या औषधातलं ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर असतं.

देवाणघेवाणीचा रिवाज उलटा आहे. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. इथे बरणी रिकामी, घासून, लेबल खरवडूनच परत द्यायची. मी पहिल्यांदा आजोबांची मधाची बरणी चिवडा भरून परत केली, तर पुढच्या आठवड्यात मला दोन बरण्या मध आला, मग मी लोणचं दिलं, मग झुकिनी आल्या. झुकिनी थांबेनात तेव्हा त्यांच्या बायकोनेच मध्यस्थी केली. लोणचं ते थंड सॉसेजबरोबर खातात. मी काही म्हटलेलं नाही.

सप्टेंबरात प्लम आणि सफरचंदं. पोती भरून रस काढणाऱ्याकडे न्यायची, डबे भरून घरी आणायचे. ऑक्टोबरात संघ पाणी बंद करतो. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात इकडे येणाऱ्यांना एकच विनंती: गोडाधोडाचं नको, इथे मध पुरून उरलाय. मोहरीची डाळ, खडा हिंग आणि दादऱ्यासाठी जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा आणा. जूनच्या 20 तारखेच्या आत पोचलात तर गूजबेरी खुडायला तुम्हीही आहातच.